प्रीव्ह्यू मोठा का हवा?

भूमिका

फोटो विकणाऱ्या संकेतस्थळांवर, पैसे भरण्याआधी गिऱ्हाइकाला दिसणारी प्रत किती मोठी असावी? या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे: प्रत जितकी लहान, तितका फोटो सुरक्षित. फोटो चोरीला गेला की छायाचित्रकार हाच धडा घेतो. पुढच्या वेळी प्रत आणखी लहान करायची आणि वॉटरमार्क मधोमध आणखी जाड मारायचा. हे उत्तर मला उथळ वाटते. त्यात फोटोचा विचार केवळ विकायचा माल म्हणून केलेला आहे, आणि मालाचा हिशोब म्हणूनही तो कच्चा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रीव्ह्यूचे माप ही तांत्रिक बाब समजली जाते, पण कोणत्या जागा, कोणती माणसे आणि कोणत्या प्रकारचे फोटो जगाला दिसणार, हे त्या मापावर ठरते. लहान प्रत चोरी थांबवत नाही. ती गुंतागुंतीच्या फोटोचे आणि त्यातल्या माणसांचे नुकसान मात्र नक्की करते. म्हणून प्रीव्ह्यू मोठा असावा, त्यावर छायाचित्रकाराचे नाव आणि जागेचा नेमका तपशील असावा, आणि फोटोचे रक्षण कायदा, परवाना व ओळख यांच्या बळावर व्हावे.

हे मी दौंड तालुक्यातल्या भांडगावच्या आधाराने मांडणार आहे. पुणे-सोलापूर महामार्गावर यवत आणि चौफुला यांच्या मध्ये हे गाव आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडकडे निघते, ती इथूनच जाते. हा पालखी सोहळा १६८५ मध्ये नारायण महाराजांनी सुरू केला. वारीच्या त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॅमेरेच कॅमेरे असतात. एरवी भांडगावकडे कॅमेरा क्वचितच वळतो. अशा गावाचे दूरच्या माणसाला दिसणारे रूप बहुतांशी एका दिवसाच्या फोटोंतून ठरते, आणि ते फोटो त्याला दिसतात प्रीव्ह्यूच्या मापात.

१. मापांचा हिशोब

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. शोध घेतल्यावर ओळीने दिसणाऱ्या चिमुकल्या प्रती म्हणजे थंबनेल. त्या लहानच असणार, त्याबद्दल वाद नाही. त्यांतल्या एकीवर क्लिक केल्यावर जी उघडते, ती प्रत म्हणजे प्रीव्ह्यू. माझा मुद्दा या दुसऱ्या प्रतीचा आहे.

आजच्या साध्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यातून निघणारा फोटो ६००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच असतो, म्हणजे एकूण २ कोटी ४० लाख ठिपके. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक छायाचित्रकाराकडून किमान ४ मेगापिक्सेलची फाइल मागतात. दाखवताना मात्र हात आखडतो. गेटी इमेजेसच्या पानांवर ६१२ पिक्सेलची प्रत सर्रास आढळते. शटरस्टॉकच्या प्रतींच्या दुव्यांत २६०, ६०० आणि १५०० हे आकडे दिसतात.

या मापांचे ठिपके मोजले की चित्र स्पष्ट होते. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो २६० वर आणला तर साधारण ४५ हजार ठिपके उरतात, म्हणजे मूळच्या पाचशेहून अधिक ठिपक्यांमागे एक. ६१२ वर आणला तर अडीच लाख उरतात, म्हणजे जवळपास शंभरात एक. १५०० वर आणला तर १५ लाख, म्हणजे सोळात एक. सर्वांत मोठ्या प्रीव्ह्यूतही मूळ फोटोच्या सोळा हिश्शांपैकी पंधरा हिस्से विक्रेत्याकडेच राहतात. ‘मोठी प्रत दाखवली की फोटो दिल्यासारखाच झाला’ ही भीती किती निराधार आहे, ते एवढ्या गणितावरून कळावे.

ही लहान मापे आली कुठून? गेटी १९९५ मध्ये स्थापन झाली, आयस्टॉक २००० मध्ये आणि शटरस्टॉक २००३ मध्ये. त्या काळी अनेकांच्या संगणकाचा पडदा १०२४ बाय ७६८ पिक्सेलचा होता आणि इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येत असे. ५६ के मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी ३०० किलोबाइटचा एक फोटो उतरायला पाऊण मिनिट लागे. लहान प्रत ही तेव्हा गरज होती, आणि त्या पडद्यावर ती लहान दिसतही नव्हती. पडदे बदलले, तारा बदलल्या. त्या गरजेला आता सुरक्षिततेचे कारण चिकटवून ती चालू ठेवण्यात अर्थ नाही.

२. पाहणाऱ्यासाठी प्रीव्ह्यू हाच फोटो

प्रीव्ह्यू हा नुसता नमुना आहे, खरा फोटो नंतर मिळतोच, असा युक्तिवाद केला जातो. तो खरेदी करणाऱ्यापुरता खरा आहे. पण संकेतस्थळावर येणाऱ्या प्रत्येकाला फोटो विकत घ्यायचा नसतो. प्रकल्पासाठी माहिती शोधणारा विद्यार्थी, वर्गात दाखवायला चित्र हवे असलेली शिक्षिका, बातमीचा तपशील ताडून पाहणारा उपसंपादक, परदेशात वाढलेल्या मुलांना वारी म्हणजे काय ते दाखवू पाहणारे आईवडील, हे सगळे प्रीव्ह्यूपर्यंत येतात आणि तिथूनच परततात. त्यांच्यापुरता तोच अखेरचा फोटो असतो.

शिवाय नमुना म्हणण्यातच चूक आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातली सगळी शिते एकत्र शिजलेली आणि सारखी असतात. फोटोत तसे नसते. एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्याची परीक्षा होत नाही. आणि फोटो लहान करणे म्हणजे त्यातला एखादा तुकडा चाखायला देणेही नव्हे. लहान करताना शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढली जाते. ६१२ च्या प्रतीतला एक ठिपका हा मूळ फोटोतल्या सुमारे ९६ ठिपक्यांची सरासरी असतो. सरासरीत ठळक गोष्ट टिकते आणि बारीक गोष्ट विरघळते. लहान प्रत पाहणारा मूळ फोटोचा थोडा भाग पाहत नसतो. जे फक्त ठळक आहे, तेवढेच तो पाहत असतो.

डिजिटलपूर्व काळातली रीत आठवली तर फरक नीट कळतो. तेव्हा फोटो लायब्ररीतून पारदर्शिका पाठवल्या जात. जाहिरात संस्थेतला माणूस ती पारदर्शिका प्रकाशाच्या टेबलावर ठेवून भिंगातून पाहत असे. मुंबईत जगदीश अग्रवाल यांनी उभी केलेली दिनोदिया ही लायब्ररी त्या जुन्या व्यवसायातलीच. तेव्हा गिऱ्हाईक पैसे देण्याआधी मूळ फोटो पूर्ण तपशिलासह पाहत असे. तो फोटो परत करायची जबाबदारी त्याची असे, आणि हरवला तर भरपाई द्यावी लागे. म्हणजे दाखवणे आणि हक्क देणे या दोन गोष्टी तेव्हा नीट वेगळ्या ठेवलेल्या होत्या. दाखवणे सढळ होते, हक्काचे व्यवहार काटेकोर होते. आज आपण दाखवण्यात कंजुषी करतो आणि हक्काच्या व्यवहारात ढिले राहतो.

३. एका फोटोत काय मावते

आता भांडगावातला एक फोटो डोळ्यांसमोर आणू. महामार्गाकडेच्या एखाद्या गच्चीवरून घेतलेला, आडवा, ६००० पिक्सेल रुंद. पुढे पताका, त्यामागे विणेकरी आणि टाळकऱ्यांच्या रांगा. त्यांच्या मागे डोक्यावर तुळशीवृंदावन आणि पाण्याची कळशी घेतलेल्या बाया. दिंडीच्या पुढच्या माणसाच्या हाती क्रमांकाचा फलक. पलीकडच्या बाजूला सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, केळी वाटणारी गावातली पोरे, दुकानांच्या देवनागरी पाट्या आणि सगळ्यांच्या मागे उसाचा हिरवा पट्टा.

अशा फोटोत मधल्या रांगेतल्या माणसाचा चेहरा १२० पिक्सेल रुंद आहे असे धरू, आणि फलकावरचा एकेक अंक ४० पिक्सेलचा. २६० च्या प्रतीत तो चेहरा पाच ठिपक्यांचा होतो आणि अंक दोन ठिपक्यांहून कमी. पांढऱ्या-भगव्या रंगाचा एक पट्टा, एवढेच हाती लागते. ६१२ च्या प्रतीत चेहरा बारा ठिपक्यांचा होतो. तो चेहरा आहे हे कळते, पण बाई हसते आहे की दमली आहे हे कळत नाही. अंक चार ठिपक्यांचा होतो, तो वाचता येत नाही. १५०० च्या प्रतीत चेहरा तीस ठिपक्यांचा होतो. ओळखीच्या माणसाला ओळखता येते, वय समजते, चेहऱ्यावरचा भाव समजतो. अंक दहा ठिपक्यांचा होतो आणि दिंडी क्रमांक वाचता येतो.

हा अंक क्षुल्लक नाही. सोहळ्यात प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली असते, रथापुढे किंवा रथामागे, आणि तिचा क्रमांक ठरलेला असतो. क्रमांक वाचता आला की ही माणसे कोणत्या दिंडीची, कोणत्या फडाची, कोणत्या भागातली, याचा माग लागतो. वाचता आला नाही की ती ‘भाविकांची गर्दी’ होतात. दुकानाच्या पाटीचेही तसेच. पाटी वाचता आली तर फोटो भांडगावचा आहे, हे त्या फोटोतूनच सिद्ध होते. वाचता आली नाही तर तो ‘भारतातील यात्रा’ एवढ्या ओळीखाली कुठेही खपतो. तोच फोटो, तीच माणसे. माप बदलले की अनामिकांच्या जागी नावगावाची माणसे उभी राहतात.

वारीचे फोटो मोठ्या मापाची मागणी करतात, हे मराठी वाचकाला नवे नाही. संदेश भंडारे यांचे ‘वारी : एक आनंदयात्रा’ आणि उद्धव ठाकरे यांनी हवेतून टिपलेल्या वारीचे ‘पहावा विठ्ठल’ ही पुस्तके मोठ्या पानावर पाहायची असतात. हवाई फोटोत माणूस मुळातच बिंदूएवढा असतो. त्यातला प्रत्येक बिंदू एक चालणारा माणूस आहे, हे कळण्यावरच त्या फोटोचा सगळा परिणाम उभा असतो. तो फोटो ६१२ पिक्सेलवर आणला की माणसांचा नुसता रंग उरतो.

४. लहान माप फोटो काढण्याची पद्धत बदलते

लहान प्रतीचे नुकसान पाहणाऱ्यापुरते थांबत नाही. ते उलट दिशेने छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत जाते. विक्री थंबनेलच्या गर्दीत आणि छोट्या प्रीव्ह्यूवर ठरते, हे छायाचित्रकाराला लवकरच कळते. मग तो त्या मापात उठून दिसेल असाच फोटो काढू लागतो. एक चेहरा, जवळून. भडक रंग. रिकामी पार्श्वभूमी. वारी म्हटली की सुरकुतलेला चेहरा, कपाळी गंध, हातात टाळ. असे फोटो वाईट असतात असे मी म्हणत नाही. पण सगळे तसेच झाले तर वारीतला रस्ता, पाणी, पायपीट, स्वयंपाक आणि स्वच्छता, म्हणजे सोहळा ज्याच्या जोरावर चालतो ती सारी व्यवस्था नजरेआड होते. यवतला पालखीच्या मुक्कामी वारकऱ्यांना पिठले-भाकरी मिळते. त्यामागे शेकडो हातांचे काम असते. एवढे हात एका लहान चौकटीत मावत नाहीत, म्हणून ते टिपायचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

आसपासची आणखी दोन उदाहरणे घेऊ. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेले आहे. चिंकारा हा विस्तीर्ण माळावरचा प्राणी. खुरटे गवत, तुरळक झाडे, आणि त्यात मातीच्याच रंगाचे हरिण, हे त्याचे खरे चित्र आहे. ते लहान प्रतीत दाखवले तर चिंकारा दिसेनासा होतो आणि उरतो नुसता माळ. मग बाजारात लांब लेन्सने टिपलेले चिंकाऱ्याचे मुखडे चालतात. माळ म्हणजे पडीक जमीन हा गैरसमज आपल्याकडे आधीच खोलवर आहे. माळ त्यातल्या जिवांसकट दाखवणारा फोटो बाजारातून हद्दपार झाला तर तो समज आणखी पक्का होतो.

दुसरे उदाहरण यवतपासून जवळ असलेल्या भुलेश्वर मंदिराचे. तिथल्या भिंतींवर ओळीने शिल्पपट आहेत. अनेक मूर्ती भंगलेल्या आहेत, आणि नेमके काय तुटले, काय शाबूत आहे, दागिन्याची घडण कशी आहे, हेच अभ्यासकाला पाहायचे असते. छोट्या प्रतीत सगळ्या मूर्ती काळ्या दगडातल्या सारख्याच आकृत्या होतात. लहान माप शिल्पाला नक्षी करून टाकते.

यामागे पैशांचा ताणही आहे. २०२० मध्ये शटरस्टॉकने छायाचित्रकारांचा वाटा १५ ते ४० टक्के अशा पायऱ्यांवर बांधला. दर जानेवारीत प्रत्येकाला पुन्हा तळाच्या पायरीपासून सुरुवात करावी लागते, आणि एका डाउनलोडमागे किमान मोबदला १० सेंट ठेवला गेला. इतक्या कमी पैशांत ज्याला काम करायचे आहे, तो उशिरा कळणाऱ्या फोटोवर वेळ घालवणार नाही. थंबनेलच्या यादीत तर असा फोटो मागे पडणारच. त्याला स्वतःची बाजू मांडायला एकच जागा उरते, ती म्हणजे क्लिक केल्यावर उघडणारा प्रीव्ह्यू. ती जागाही आपण आखूड ठेवली आहे.

५. लहान मापाने चोरी थांबत नाही

लहान प्रतीचे सगळे समर्थन चोरीच्या भीतीवर उभे आहे. ती भीती खरी आहे. उपाय मात्र चुकीचा आहे, आणि त्याची कारणे तीन.

पहिले कारण असे की चोरीला लहान प्रत पुरते. ३०० डीपीआयच्या छपाईत ६१२ पिक्सेल म्हणजे जेमतेम दोन इंच, हे खरे. पण आज फोटो उचलणारा बहुतेकदा पुस्तक छापत नसतो. त्याला व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस हवे असते, यूट्यूबच्या चित्रफितीसाठी थंबनेल हवे असते, नाहीतर स्वागताचा फ्लेक्स. मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर ६१२ पिक्सेल सहज खपतात. फ्लेक्स दुरून पाहायचा असतो, त्यामुळे दुकानात नेटवरचा लहान फोटो ताणून दहा फुटी केला तरी गिऱ्हाईक तक्रार करत नाही. पालखीच्या आठवड्यात महामार्गावर लागणारे फलक नीट पाहा. काहींवर वारकऱ्याच्या गालावरून तिरप्या जाणाऱ्या वॉटरमार्कच्या फिकट रेघा तशाच राहिलेल्या आढळतील. ज्याला उचलायचे आहे त्याला लहान माप अडवत नाही आणि वॉटरमार्कही अडवत नाही.

दुसरे कारण वॉटरमार्कचे. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिले की एकच वॉटरमार्क हजारो फोटोंवर सारख्या रीतीने मारलेला असेल, तर ते सगळे फोटो एकत्र ठेवून तो संगणकाकरवी आपोआप पुसता येतो. त्यानंतर वॉटरमार्कचा आकार थोडाथोडा बदलता ठेवण्याचे उपाय आले. म्हणजे मधोमध जाड रेघ मारली की प्रामाणिक माणसाला फोटो नीट दिसत नाही, आणि अप्रामाणिक माणसाला ती अडथळा वाटत नाही.

तिसरे कारण सर्वांत नवे आहे. चित्रे बनवणाऱ्या एआय प्रणालींना शिकायला मोठ्या फाइली लागतातच असे नाही. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या चित्रांवर शिकल्या. हे माप गेटीच्या ६१२ पेक्षाही लहान आहे. गेटीने २०२३ मध्ये स्टॅबिलिटी एआयवर खटले भरले. तेव्हा पुढे आलेल्या उदाहरणांत यंत्राने बनवलेल्या चित्रांवर गेटीचाच वॉटरमार्क वेडावाकडा उमटलेला होता. वॉटरमार्क मारलेल्या, लहान केलेल्या प्रतींतूनच यंत्र शिकले, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता? लहान प्रत ही आता त्या यंत्राच्या सोयीचीच प्रत झाली आहे.

६. फोटो टिकतो तो ओळखीने

मग रक्षण कशाने होते? माझे उत्तर आहे ओळखीने. फोटो कुणाचा, कुठला, कोणत्या अटींवर मिळतो, हे फोटोसोबत कायम राहिले तर चोरी सापडते, सिद्ध होते आणि तिला शिक्षा होऊ शकते.

आपला कायदा इथे समजला जातो तितका दुबळा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५बी आले. फोटोसोबतची हक्काची माहिती, म्हणजे कर्त्याचे नाव, कृतीची ओळख, वापराच्या अटी, जाणूनबुजून आणि परवानगीशिवाय काढून टाकली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कलम ५७ कर्त्याला आपले नाव मागण्याचा आणि कृतीची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा हक्क देते, आणि हा हक्क कॉपीराइट विकल्यावरही राहतो. कलम ६३ खाली हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षे शिक्षा आहे. या कलमांचा आधार घेणे सोपे जाते ते फोटोवर नाव असले तर. बहुतेक संकेतस्थळांच्या प्रीव्ह्यूवर कंपनीचे नाव ठळक असते आणि छायाचित्रकाराचे बारीक, किंवा फोटोच्या बाहेर. फोटो बाहेर पडला की ते नाव मागेच राहते. फाइलच्या आत लिहिलेली माहितीही व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरताना गळून पडते. म्हणून नाव फोटोच्याच खालच्या कडेला, दिसेल असे हवे. अलामीच्या प्रतींना तळाशी ओळख क्रमांकाची पट्टी असते. त्या पट्टीत छायाचित्रकाराचे नाव, गाव आणि तारीख घातली तर फोटो न झाकता ओळख टिकते.

आंतरराष्ट्रीय अनुभव याच दिशेचा आहे. २००३ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने छायाचित्रकार लेस्ली केली यांच्या खटल्यात निकाल दिला, की शोधयंत्राने फोटोंच्या लहान, कमी दर्जाच्या प्रती दाखवणे हा रास्त वापर आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेही २०१० मध्ये गूगलच्या थंबनेलना मोकळीक दिली. म्हणजे छायाचित्रकार ज्या लहान मापाला आपले कवच मानत होते, त्याच लहान मापाच्या आधारे इतरांना त्यांचे फोटो विनामोबदला दाखवता आले. उलट २०१८ मध्ये गेटीशी करार झाल्यावर गूगलने थेट फोटो उघडणारे बटण काढले, आणि २०२० मध्ये परवाना कुठे मिळेल हे सांगणारी खूण शोधाच्या निकालात आणली. छायाचित्रकाराला फायदा झाला तो फोटोला मालकाकडे नेणारी वाट मिळाली म्हणून.

७. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: १५०० पिक्सेलची प्रत उघडी ठेवली तर लहान गिऱ्हाईक विकतच घेणार नाही. उत्तर असे की ज्याला मोबाइलच्या पडद्यापुरता फोटो हवा आहे, त्याचे काम ६१२ मध्येही भागते. ते गिऱ्हाईक आपण आधीच गमावलेले आहे. जो छापणार आहे, पोस्टर करणार आहे, कापून हवा तो भाग घेणार आहे, त्याला ६००० पिक्सेलचीच फाइल लागते. ती तो घेतो, कारण त्याला कायदेशीर परवाना हवा असतो. आणि फोटोत नेमके काय आहे हे नीट दिसले तर त्याचा निर्णय लवकर होतो.

दुसरा आक्षेप: एआयच्या साहाय्याने मोठी प्रत आणखी मोठी करता येते. खरे आहे, पण लहान प्रतही तशीच मोठी करता येते, आणि तिथे धोका अधिक आहे. पाच ठिपक्यांच्या चेहऱ्यापासून यंत्र जो चेहरा बनवते तो कुणाचाच नसतो. वाचता न येणाऱ्या फलकावर ते वाटेल तो अंक लिहिते. मूळ तपशील दाखवणारी प्रत बाजारात असेल तर अशी बनावट पकडता येते. नसेल तर बनावटच पुरावा म्हणून फिरते.

तिसरा आक्षेप: मोठी प्रत लोकांच्या खासगीपणाला बाधा आणते. हा आक्षेप मी गंभीर मानतो. चेहरा ओळखू येणार असेल तर माणसाची संमती, त्याचा मान आणि वापराचा हेतू यांचा विचार झालाच पाहिजे. पण ही जबाबदारी फोटो काढताना आणि परवाना देताना पाळायची असते. जाहिरातीसाठी फोटो देताना ओळखू येणाऱ्या माणसाचे संमतीपत्र लागते, संपादकीय वापराला वेगळे नियम आहेत. ज्याचा चेहरा मोठ्या प्रतीत दाखवणे अयोग्य, त्याचा फोटो विकणेही अयोग्यच. कारण पैसे भरणाऱ्याला तो पूर्ण मापात मिळतोच. प्रीव्ह्यू अंधुक ठेवून खासगीपणा राखला जात नाही. फोटोतल्या माणसाला मात्र स्वतःचा फोटो विकला जातोय हे कळत नाही. तीस ठिपक्यांचा चेहरा दिसला तर भांडगावातली बाई म्हणू शकते, ‘ही मी आहे, मला विचारले नव्हते.’

चौथा आक्षेप डेटाचा. १५०० पिक्सेलची, माफक दाबलेली जेपीईजी फाइल काही शे किलोबाइटची असते. ती यादीत नव्हे, मागितल्यावरच उघडायची आहे. ज्या फोनवर गावातली मुले दिवसभर चित्रफिती पाहतात, त्या फोनला हा भार नाही.

८. काय व्हायला हवे

या सगळ्यातून काही साध्या मागण्या निघतात.

संकेतस्थळांनी प्रीव्ह्यूची लांब बाजू किमान १५०० पिक्सेल ठेवावी. वॉटरमार्क मधोमध न मारता खालच्या पट्टीत घ्यावा, आणि त्या पट्टीत कंपनीच्या आधी छायाचित्रकाराचे नाव असावे. फोटोच्या माहितीत देश आणि राज्य यांच्यावर न थांबता तालुका आणि गाव यांची जागा सक्तीची करावी, आणि ती देवनागरीत भरता यावी.

छायाचित्रकारांनी फोटोसोबत नेमकी ओळ लिहावी. ‘वारकरी, महाराष्ट्र’ पुरेसे नाही. कोणता सोहळा, कोणती दिंडी, कोणत्या गावाची हद्द, कोणते वर्ष, हे लिहायला दोन मिनिटे लागतात. फोटो दुसऱ्या कुणाच्या नावावर फिरताना सापडला तर मालकी दाखवायला हीच ओळ उपयोगी पडते.

मराठी संपादकांनी आणि प्रकाशकांनी नेटवरचा फोटो ‘सौजन्य : इंटरनेट’ असे लिहून छापणे बंद करावे. इंटरनेट कुणाचा फोटो काढत नाही. नाव शोधावे, परवाना घ्यावा, मोबदला द्यावा. मोठा आणि नावासह असलेला प्रीव्ह्यू हे काम सोपे करतो. मग न करण्याला सबब उरत नाही.

ग्रामपंचायती, सोहळ्यांच्या समित्या आणि फ्लेक्सची मागणी देणारे कार्यकर्ते यांनीही एक गोष्ट करावी. फलकासाठी फोटो लागला तर आपल्याच पंचक्रोशीतल्या छायाचित्रकाराकडून तो विकत घ्यावा आणि कोपऱ्यात त्याचे नाव छापावे. पालखी आपल्या दारावरून जाते, तिचे फोटो काढणारे हात आपल्यात आहेत, आणि तरी स्वागताच्या फलकावर कुठून तरी उचललेला अंधुक चेहरा लागतो, ही आपल्यासाठी कमीपणाची गोष्ट आहे.

फोटो लपवून त्याची किंमत वाढत नाही. तो नीट दिसला आणि त्यासोबत नाव-गाव टिकले, की वाढते. छायाचित्रकारांना माझे सांगणे एवढेच: यंदाच्या आषाढात काढलेले फोटो विक्रीला ठेवाल तेव्हा मूळ फाइल जपून ठेवा, परवान्याच्या अटी कडक ठेवा, आणि दाखवायची प्रत तुम्हाला ठेवता येईल तितकी मोठी ठेवा.